क्विल्टिंगच्या मासिकांचा संग्रह : कसा लावायचा, कसा सांभाळायचा?

सुईदोरा (धागाकर्ती)

गेली बावीस वर्षं मी क्विल्ट, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून केलेल्या नक्षीदार गोधड्या, शिवतेय आणि जवळजवळ तेवढीच वर्षं क्विल्टिंगची मासिकं जमवतेय. गेल्या महिन्यात पहिल्यांदा मोजदाद केली, ४१२ अंक निघाले. काही वर्गणी भरून घेतलेले, काही जुन्या पुस्तकांच्या ढिगातून शोधून काढलेले. त्यातला दीडेकशेचा गठ्ठा एका मैत्रिणीने दिलेला आहे. नजर कमी झाल्यावर तिने शिवण थांबवली आणि "तू वापरशील" म्हणून सगळे अंक माझ्याकडे आणून ठेवले.

हा चर्चेचा धागा काढायला दोन गोष्टी कारण झाल्या. मला 'बेअर्स पॉ' म्हणजे अस्वलाच्या पंजाच्या ब्लॉकचा (ब्लॉक म्हणजे क्विल्टमध्ये पुन्हा पुन्हा येणारा नक्षीचा चौकोन) एक क्विल्ट करायचाय. त्याची एक विशिष्ट मांडणी मी कुठल्यातरी अंकात पाहिली होती, कडेच्या पट्टीतही पंजे होते. चार संध्याकाळी खोके उपसले, सापडली नाही. आणि त्याच उपसाउपशीत कळलं, की भिंतीला लागून जमिनीवर ठेवलेल्या सगळ्यात खालच्या खोक्यात ओल शिरली होती. एकोणीस अंक एकमेकांना चिकटून विटेसारखे झालेत. पानं सोडवायला गेलं की चित्राचा पापुद्रा निघून शेजारच्या पानावर जातो. त्या दिवशी फार वाईट वाटलं.

तर ज्यांच्याकडे असा संग्रह आहे त्यांनी कृपया सांगा. अंक मासिकाच्या नावाने आणि वर्षाने लावता की विषयाने? अख्खे ठेवता की हवी ती पानं काढून घेता? आणि ठेवता कशात?

ठिगळपेटी

मी पानं काढणाऱ्यांपैकी आहे. तीनेकशे अंक होते, आता सहा फायली आहेत. जे पॅटर्न मी कधीतरी नक्की करेन असं वाटलं तेवढेच कापून पारदर्शक पाकिटांत घातले. नाइन-पॅचवाले (नऊ चौकोनांचे) एका फायलीत, लॉग केबिन (मधल्या चौकोनाभोवती पट्ट्या जोडलेले) दुसरीत, ॲप्लिके (कापडावर कापडाचे आकार शिवलेले) तिसरीत असे विभाग केले. उरलेलं देऊन टाकलं. शिवायला बसताना फाईल उघडायची, पाकीट काढून समोर टाचायचं. अंक अख्खा उघडा ठेवला की तो मिटत राहतो आणि त्यावर कात्री ठेवावी लागते, ती कटकट गेली.

सुईदोरा, ४१२ अंकांत तुम्ही खरोखर शिवणार असे पॅटर्न किती असतील? शंभर? मग बाकीचं ओझं कशाला?

ग्रंथपाल_निवृत्त

ठिगळपेटी यांची सोय कळते, पण कात्री हाती घेण्यापूर्वी थोडं थांबा, असं मी कळकळीने सांगेन. माझी सगळी नोकरी नियतकालिकांच्या विभागात गेली.

पान कापलं की त्याची ओळख जाते. बऱ्याच मासिकांत पानाच्या तळाशी अंकाचा महिना छापलेला असतो, पण सगळ्यांत नसतो, आणि मोठ्या छायाचित्राच्या पानावर तर हमखास नसतो. दोन वर्षांनी ते पान कुठल्या मासिकाचं, कोणत्या सालचं, हे तुम्हालाही सांगता येत नाही. दुसरं, पॅटर्न सलग पानांवर नसतो. "उर्वरित भाग पान ७४ वर" ही ओळ नजरेतून सुटली की कापडाची यादी हाती राहते आणि जोडणीची कृती रद्दीत जाते. तिसरं, कापलेल्या पानाच्या पाठीमागे दुसऱ्या पॅटर्नची सुरुवात असते. म्हणजे एक वाचवताना एक मोडतो.

आणि यातली काही मासिकं आता निघतही नाहीत. अमेरिकेतलं 'क्विल्टर्स न्यूजलेटर' बॉनी लेमन यांनी १९६९ मध्ये सुरू केलं आणि २०१६ मध्ये ते बंद झालं. त्याच्या सुरुवातीच्या अंकांत आज रोज वापरात असलेल्या कित्येक युक्त्या समजावून सांगितलेल्या दिसतात. जाहिरातीही मोलाच्या असतात. कोणती अवजारं कधी आली, कोणत्या रंगाची कापडं चालत होती, हे तिथेच कळतं. जुन्या क्विल्टचं वय ठरवणाऱ्यांना त्याचा उपयोग होतो.

लावायचं म्हणाल तर आधी मासिकाचं नाव, मग वर्ष, मग अंक. विषयाने अंक लावूच नयेत. एका अंकात दहा विषय असतात आणि अंक एकाच जागी उभा राहू शकतो. विषय सूचीत येऊ द्या. कपाटाला तारखेचा क्रम पुरतो.

बॉबीन

ग्रंथपाल यांच्या शेवटच्या वाक्याला अनुमोदन. पण सूची करायची म्हटली की माणूस घाबरतो. ४१२ अंक, प्रत्येकात आठ-दहा पॅटर्न धरले तर साडेतीन-चार हजार नोंदी. मी असाच उत्साहाने बसले होते आणि तिसाव्या अंकाला थांबले. पुढे दोन वर्षं त्या फाईलकडे पाहिलंही नाही.

मग वेगळी वाट धरली. प्रत्येक अंकाच्या फक्त अनुक्रमणिकेच्या पानाचा मोबाईलने फोटो काढला. मुखपृष्ठाचाही एक. अंकामागे दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. फोटोचं नाव मात्र शिस्तीत द्यायचं, आधी वर्ष, मग दोन आकडी महिना, मग मासिक, उदाहरणार्थ '२००७-०४-मासिकाचं नाव'. वर्ष पुढे असलं की फाइली आपोआप कालक्रमाने लागतात. महिन्याचं नाव अक्षरांत लिहिलंत तर एप्रिल आधी आणि जानेवारी नंतर असा घोळ होतो. जोडअंक असेल तर पहिला महिना लिहायचा.

आजकाल फोनला फोटोतली छापील अक्षरं वाचता येतात. 'बेअर' असं शोधलं की ज्या अनुक्रमणिकांत तो शब्द आहे ते फोटो समोर येतात. यातून सगळं सापडत नाही, पण खोके उपसण्यापेक्षा शंभर पटीने बरं. तपशीलवार नोंद मी आता फक्त त्या पॅटर्नची करते ज्यापाशी वाचताना हात थांबतो.

सुईदोरा

बॉबीन, अनुक्रमणिकेचे फोटो ही कल्पना फारच आवडली. आजपासूनच सुरू करते.

ठिगळपेटी, तुमचा प्रश्न रास्त आहे. शिवून होतील असे शंभरसुद्धा नसतील. पण मी अंक नुसते चाळतेही. रंग कसे जोडलेत, किनार कशी वळवलीय, हे पाहताना डोकं चालायला लागतं. ते सुख सहा फायलींत मिळेल असं वाटत नाही.

चिकटलेल्या अंकांचं काही होऊ शकतं का? आणि नवीन ओल लागू नये म्हणून काय करू?

कागदवेडी

सुकून चिकटलेले असतील तर आशा सोडा, हे सांगताना मलाही वाईट वाटतंय. गुळगुळीत कागदावर बारीक मातीचा, बहुधा केओलिनचा, लेप असतो. पाणी लागलं की लेप आणि त्यातला चिकटवणारा घटक मऊ होतो आणि दाबाखाली सुकताना दोन पानं एकजीव होतात. त्यानंतर ओढाल तर लेपच उचकटतो. साध्या, खरखरीत कागदाचे अंक भिजले तरी वाचतात, गुळगुळीत वाचत नाहीत.

पण पुढे कधी ओले अंक हाती लागले तर वेळ घालवू नका. सुकायच्या आत पानं सुटली पाहिजेत. दोन दिवसांत बुरशी धरायला लागते. एकदम सगळे उघडून वाळवणं शक्य नसेल तर प्रत्येक अंक वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. गोठलेल्या अवस्थेत ते जसे आहेत तसे थांबतात. मग एकेक बाहेर काढायचा आणि ओलसर असतानाच पानं अलगद वेगळी करायची. मधे शोषून घेणारा कोरा कागद घालायचा, तो बदलत राहायचा आणि पंखा लावायचा. पंखा थेट अंकावर नको, नुसती हवा खेळती हवी. उन्हात किंवा हीटरजवळ वाळवू नका, कागद लाटांसारखा वाकतो.

जागेबद्दल. जमिनीपासून निदान दहा-पंधरा सेंटिमीटर वर, बाहेरच्या भिंतीपासून सुटं, आणि नळ किंवा पाइप जाणाऱ्या भिंतीला तर अजिबात नाही. माळा आणि तळघर दोन्ही वाईट, एकात उष्णता आणि दुसऱ्यात दमटपणा. आपण राहतो त्या खोलीतली आतली भिंत सगळ्यात चांगली. हवेतली आर्द्रता ३५ ते ५० टक्क्यांच्या आसपास असावी असं कागद सांभाळणारे सांगतात. ती मोजायचं छोटं यंत्र मिळतं, ते कपाटात ठेवून द्या. दर वेळी तेवढं जमत नसलं तरी आकडा चढताना दिसला की दारं उघडून हवा द्यायची आठवण होते.

वजनाचाही विचार करा. शंभरेक पानांचा गुळगुळीत अंक साधारण पाव किलोचा असतो. म्हणजे तुमचे ४१२ अंक शंभर किलोच्या वर गेले. जाडी एकेकाची साडेचार मिलिमीटर धरली तरी सगळे मिळून पावणेदोन-दोन मीटर लांबी होते. एकेक मीटरच्या दोन फळ्यांवर ते मावतील, पण प्रत्येक फळीवर पन्नास किलोंचा भार येईल. भुशाच्या दाबीव फळ्या मधे झोळीसारख्या वाकतात, तेव्हा मधोमध एक उभा आधार हवाच.

ठेवायचं उभ्या डब्यांत, ज्यांची एक बाजू तिरकी कापलेली असते. डबा भरलेला असावा, ठासलेला नसावा. अर्धा रिकामा राहिला तर पातळ अंक मधूनच मोडून खाली बसतात आणि कायमचे वाकतात. रिकाम्या जागेत पुठ्ठ्याची घडी घाला. आडवे ठेवायचे असतील तर पाचेक अंकांनंतर घडीची बाजू उलट करा, कारण टाचलेल्या अंकाची घडी जाड असते आणि सगळ्या एका बाजूला आल्या की थप्पी कलते.

उभाधागा

सूचीत काय लिहावं याबद्दल माझा अनुभव सांगते, कारण पहिल्या सूचीत मी नको ते लिहिलं होतं. 'सुंदर', 'निळा', 'सोपा'. शोधताना यातलं काहीच कामी आलं नाही.

आता माझे रकाने असे आहेत. मासिक, वर्ष-महिना, पान, क्विल्टचं छापील नाव, ब्लॉकचं नाव, ब्लॉकचं तयार माप, क्विल्टचं तयार माप, तंत्र, टेम्प्लेट (कापायचा साचा) लागतं का, जोडपत्र (अंकासोबतचं पूर्ण मापाच्या आकारांचं घडीचं पान) आहे का, आणि शेरा. ब्लॉकचं नाव आणि क्विल्टचं छापील नाव वेगळं ठेवायचं हे महत्त्वाचं आहे. मासिकं क्विल्टला काव्यमय नाव देतात, पण आत ब्लॉक असतो साधा ओहायो स्टार.

ब्लॉकच्या नावांचाही गोंधळ आहे. ज्याला आपण 'चर्न डॅश' म्हणतो तोच कुठे 'मंकी रेंच' म्हणून छापतात, कुठे 'होल इन द बार्न डोअर'. तुमचा 'बेअर्स पॉ' जुन्या अंकांत 'डक्स फुट इन द मड' किंवा 'हँड ऑफ फ्रेंडशिप' या नावानेही येतो. म्हणून अनुक्रमणिकेत 'बेअर' शोधून थांबू नका. बार्बरा ब्रॅकमन यांनी तुकडे जोडून केलेल्या चार हजारांहून जास्त ब्लॉकचा कोश केलाय. त्यात प्रत्येक रचनेला क्रमांक आहे आणि ती कुठे कोणत्या नावाने छापली गेली तेही दिलंय. तो हाताशी असेल तर सूचीत नावासोबत क्रमांक लिहा. नसेल तर एकच नाव पक्कं करा आणि बाकीची शेऱ्यात टाका.

'टेम्प्लेट लागतं का' हा रकाना का ते सांगते. ओल्फा या जपानी कंपनीने कापडासाठीचा फिरत्या पात्याचा कटर १९७९ मध्ये आणला. त्याआधीचे, आणि त्यानंतरचीही काही वर्षं निघालेले अंक बहुतेक पुठ्ठ्याचे साचे कापून, आखून, कात्रीने कापण्याच्या पद्धतीने लिहिलेले आहेत. त्यांत पट्ट्या कापायची मापं नसतात. रकाना भरलेला असला की हा पॅटर्न आधी मापांत उतरवून घ्यावा लागेल हे पाहताक्षणी कळतं. तसंच जुन्या अंकांतली कापडाची गरज बहुतेकदा ४४-४५ इंची पन्ह्यावर काढलेली असते. हल्लीचे पॅटर्न धुऊन, काठ काढून हाती राहणारे ४० ते ४२ इंच धरतात. जुन्या आकड्यावर भरवसा ठेवून नेमकं तेवढंच कापड घेतलं की शेवटची पट्टी कमी पडते.

नवी_सुई

माझ्याकडे फक्त बावीस अंक आहेत, तरी सूची करू का?

उभाधागा

नवी_सुई, आत्ताच करा. बावीस एका दुपारी होतात.

चौकटराणी

कुणी शुद्धिपत्रांबद्दल बोललं नाही म्हणून लिहिते. क्विल्टिंगच्या मासिकांत चुका होतात. तुकड्यांची संख्या चुकते, पाव इंचाची शिलाई धरायची राहते, त्रिकोणाचं माप एक अष्टमांश इंचाने कमी छापलं जातं. चांगलं मासिक पुढच्या एक-दोन अंकांत दुरुस्ती छापतं, पण ती कुठेतरी वाचकांच्या पत्रांच्या बाजूला, चार ओळींत. ज्याने आधीचा अंक कापून फायलीत लावलाय आणि पुढचा देऊन टाकलाय, त्याला ती कधीच दिसत नाही.

मी एकदा एका तारेच्या पॅटर्नसाठी सगळं कापड कापून बसले होते. कोपऱ्याचे चौकोन पाव इंचाने लहान आले. दोन दिवस मला वाटत राहिलं की माझंच कापणं चुकलं. चार महिन्यांनी पुढच्या एका अंकात दुरुस्ती वाचली.

तेव्हापासून नवीन अंक आला की आधी दुरुस्त्यांचा कोपरा शोधते आणि लगेच उठून मूळ अंकातल्या त्या पानाच्या समासात पेन्सिलीने बरोबर आकडा लिहिते. दुरुस्ती कुठल्या अंकात आली तेही. पेन नाही, शाई पलीकडे उतरते. चिकटचिठ्ठीही नाही, तिचा गोंद काही वर्षांनी कागदावर डाग सोडतो.

ठिगळपेटी

चौकटराणी, हे वाचून मी माझ्या फायली काढून बसले. प्रामाणिकपणे सांगते, निम्म्या पानांवर मासिकाचं नावच नाही. दुरुस्ती शोधायची तर कुठे शोधू? आणि मधलं मोठं घडीचं जोडपत्र, ज्यावर ॲप्लिकेचे आकार पूर्ण मापात छापलेले असतात, ते तीन पॅटर्नचं माझ्याकडे नाहीच. अंकासोबत गेलं असणार.

फायली मी मोडणार नाही, शिवताना त्या खरंच सोयीच्या आहेत. पण यापुढे अंक अख्खा ठेवून हव्या त्या पानांची प्रत काढून फायलीत लावेन, आणि प्रतीच्या कोपऱ्यात आधी मासिक, महिना, पान लिहीन. प्रत काढताना एक करा. पानावर एक इंचाचा तपासणी चौकोन असेल तर प्रतीवर तो पट्टीने मोजा. यंत्र 'पानात बसवा'वर असेल तर चित्र दोन-तीन टक्के लहान येतं, आणि बारा ब्लॉक जोडल्यावर तो फरक चांगलाच जाणवतो.

ग्रंथपाल_निवृत्त

ठिगळपेटी, फार बरं वाटलं. प्रती स्वतःपुरत्याच ठेवा. अख्ख्या अंकाचं स्कॅन गटात वाटणं हे पॅटर्न रचणाऱ्यांच्या पोटावर पाय देण्यासारखं आहे.

जोडपत्राच्या घडीबद्दल एक सुचवतो. मूळ घडीवरच पुन्हा पुन्हा घडी पडून ते फाटतं. एकदा पूर्ण मापाची प्रत काढा आणि मूळ पत्र अंकातच राहू द्या. प्रत गुंडाळून नळीत.

एकच_टाका

ज्यांना वाटतं की सगळं डिजिटल घेतलं की प्रश्न मिटला, त्यांच्यासाठी. मी पाच वर्षं एका मासिकाची डिजिटल वर्गणी भरली. अंक त्यांच्या ॲपमध्येच दिसायचे, उतरवून घेता यायचे नाहीत. ॲप बंद झालं आणि पाच वर्षांचे अंक गेले. आता जिथे पीडीएफ स्वतःच्या संगणकावर उतरवता येते तिथूनच घेते. तीन प्रती ठेवते, दोन वेगवेगळ्या साधनांवर आणि एक घराबाहेर. स्वतः स्कॅन करत असाल तर मजकुराला ३०० डीपीआय (इंचामागे ठिपके) पुरे, टाक्यांचं बारीक काम पाहायचं असेल तर ६००.

आणि स्कॅन बाहेरून करून घेणार असाल तर आधी विचारा की ते अंक कसा उघडणार. माझ्या एका मैत्रिणीचे बारा अंक पाठीकडून कापून सुट्या पानांत परत आले.

कागदवेडी

प्लास्टिकच्या पाकिटांबद्दल सांगायचं राहिलं. नव्या पाकिटाला रेनकोटसारखा उग्र वास येत असेल तर ते बहुधा पीव्हीसी. त्यातून निघणारे घटक काही वर्षांनी शाई उचलतात, पान पाकिटाला चिकटतं. पॉलिप्रोपिलीन किंवा पॉलिएस्टर लिहिलेलं घ्या. वर्तमानपत्रातली कात्रणं असतील तर ती मासिकांत घालून ठेवू नका. 'कॅन्सस सिटी स्टार' या वृत्तपत्राने १९२८ ते १९६१ क्विल्टचे पॅटर्न छापले, त्यांची कात्रणं अजूनही हातोहात फिरतात. वृत्तपत्राच्या कागदात लाकडाचं लिग्निन असतं, तो पिवळा पडतो आणि शेजारच्या पानावर आपल्या आकाराचा तपकिरी डाग उमटवतो. त्यांना वेगळं पाकीट.

कसर लागली असेल, म्हणजे ते चंदेरी, लांबट, बिनपंखी किडे दिसले असतील, तर डांबरगोळ्या टाकू नका. वास कागदात बसतो आणि तो श्वासात जाणं चांगलं नाही. अंक पिशवीत हवाबंद करून उणे २० अंशाच्या फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवा. बाहेर काढल्यावर चोवीस तास पिशवी उघडू नका, नाहीतर थंड कागदावर दव धरतं.

आता माझं सगळ्यात आवडतं काम. जुन्या अंकांच्या मधल्या तारेच्या पिना गंजतात. गंज कागद खातो आणि मधली पानं सुटतात. आपल्या हातात सुई आहे, मग पिना कशाला? अंक मधोमध उघडा. पिनेच्या वळलेल्या टोकांखाली पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवून टोकं सरळ करा, मग बाहेरून पिन अलगद उचला. पिना काढायचं यंत्र वापरू नका, ते घडी फाडतं. पिनांची दोन भोकं आहेतच, त्यांच्या बरोबर मधे जाड सुईने तिसरं पाडा. मेण लावलेला जाड सुती किंवा लिननचा दोरा घ्या. आतून मधल्या भोकातून बाहेर, बाहेरून वरच्या भोकातून आत, आतल्या बाजूने लांब टाका घेत खालच्या भोकातून बाहेर, आणि पुन्हा मधल्यातून आत. दोन्ही टोकं आता मधे, आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना आलेली असतील. त्या टाक्यावरून पक्की गाठ मारा. दोरा ओढताना घडीच्या दिशेने ओढा, कागदाला काटकोनात ओढला तर भोक फाटतं. एका अंकाला पाच मिनिटं. शिवलेला अंक उघडल्यावर पिनवाल्यापेक्षा सपाट बसतो.

सुईदोरा

तीन आठवड्यांनी लिहितेय. सगळ्यांचे मनापासून आभार.

३९३ अंकांच्या अनुक्रमणिकांचे फोटो झाले. चिकटलेले एकोणीस मी शेवटी टाकून दिले, पण मुखपृष्ठावरून त्यांची नावं आणि महिने एका वहीत लिहून घेतले, म्हणजे दुसरीकडे कुठे दिसले तर ओळखता येतील. आतल्या भिंतीला आधार दिलेल्या फळ्या लावल्या. डब्यांवर मासिकाचं नाव आणि 'पासून-पर्यंत' लिहिलंय. नुसत्या टाचलेल्या अंकांना पाठ नसते, त्यामुळे डब्यावरची चिठ्ठीच वाचायची. सव्वीस अंक दोऱ्याने शिवले. पहिल्या दोघांत भोक फाटलं, कागदवेडी म्हणाल्या होत्या तसंच, आडवं ओढल्यामुळे.

दुबार निघालेले एकतीस आहेत. कुणाला कुठे द्यावेत?

ग्रंथपाल_निवृत्त

देण्यापूर्वी दोन्ही प्रती शेजारी ठेवून पाहा. जोडपत्र कोणत्या प्रतीत आहे, पानं पूर्ण आहेत का. चांगली प्रत म्हणजे चकचकीत प्रत असं नाही. उरलेल्यांची वर्ष-महिन्याची यादी याच धाग्यावर टाका, ज्यांच्या मालिकेत खंड आहे ते मागतील. ग्रंथालयाला द्यायचे असतील तर आधी यादी पाठवून विचारा, न विचारता खोका नेऊन ठेवू नका. नेब्रास्का विद्यापीठाच्या लिंकन इथल्या आंतरराष्ट्रीय क्विल्ट संग्रहालयासारख्या ठिकाणी क्विल्टसोबत अशा कागदांचाही अभ्यास होतो, पण तिथेही त्यांच्याकडे नसलेलंच हवं असतं.

आणि मैत्रिणीच्या अंकांत तिने समासात काही लिहिलेलं असेल तर ते खोडू नका, आणि अशी प्रत दुबार म्हणून देऊही नका.

सुईदोरा

अस्वलाचा पंजा सापडला!

'बेअर' शोधून नव्हता मिळाला. उभाधागा यांनी सांगितल्यावर 'हँड ऑफ फ्रेंडशिप' शोधलं आणि एका अनुक्रमणिकेत दिसला. अंक मैत्रिणीच्या गठ्ठ्यातला. तीच मांडणी, कडेलाही पंजे.

कापायच्या यादीत लिहिलंय, मधल्या बारा ब्लॉकसाठी दोन त्रिकोण जोडून केलेले चौकोन ९६. चौकटराणींचं ऐकून कापड काढण्याआधी मोजून पाहिलं. एका पंजाला चार, ब्लॉकला चार पंजे, म्हणजे सोळा. बारा ब्लॉकना १९२. पान उजेडाकडे कललं तेव्हा समासात फिकट पेन्सिल दिसली. मैत्रिणीच्या बारीक अक्षरात '१९२', आणि खाली दोन महिन्यांनंतरच्या अंकाचा महिना. तो अंक पाचव्या डब्यात होता. काढला, पत्रांच्या पानावर तीन ओळींची दुरुस्ती होती.

संध्याकाळी तिला फोन केला. पॅटर्न आठवत होता तिला. म्हणाली, कडेच्या पट्टीतले पंजे कोपऱ्यावर वळवायचे असतात, आकृतीत ते नीट दिसत नाही, ये, सांगते. रविवारी अंक घेऊन जातेय. सूचीत नोंद केली आहे, शेऱ्याचा रकाना तिच्याशी बोलून आल्यावर भरेन.